महाराष्ट्रातील शिक्षक पात्रतेच्या बदलत्या अटी

महाराष्ट्रातील शाळांत शिक्षक म्हणून नियुक्त होण्यासाठी, आणि अलीकडच्या काळात त्या पदावर टिकून राहण्यासाठीही, कायद्याने व शासनाने ज्या शैक्षणिक, व्यावसायिक आणि परीक्षाविषयक अटी घातल्या आहेत त्यांना शिक्षक पात्रतेच्या अटी म्हणतात. या अटी गेल्या शतकभरात अनेकदा बदलल्या. त्यातही २०१० नंतरच्या पंधरा वर्षांत त्या इतक्या वेगाने बदलल्या की एकाच शाळेच्या शिक्षकदालनात शेजारी बसणारे चार शिक्षक चार वेगवेगळ्या नियमांखाली पात्र ठरलेले असू शकतात. अध्यापक विद्यालयात प्रवेश घेताना जी अट होती ती बाहेर पडताना अपुरी ठरली, असा अनुभव या काळातील हजारो उमेदवारांना आला. १ सप्टेंबर २०२५ रोजीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हाच अनुभव वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकांच्याही वाट्याला आला.

संज्ञा

या विषयात प्रशिक्षण, पात्रता आणि निवड हे तीन शब्द वारंवार येतात व वृत्तपत्रांतून ते बऱ्याचदा एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांचे अर्थ मात्र भिन्न आहेत. डी.एड. किंवा बी.एड. हे प्रशिक्षण होय. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, ही पात्रता ठरवते. ती उत्तीर्ण झाल्याने नोकरीचा हक्क निर्माण होत नाही. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी ही निवडीसाठी असते; तिच्यात उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा निकाल नसून मिळालेल्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. या चाचणीला बोलण्यात ‘टेट’ म्हणतात. टीईटी आणि टेट या दोन परीक्षांच्या नावांत उच्चाराचा इतका थोडा फरक ठेवण्याने कोणाचे भले झाले हे सांगणे कठीण आहे. पालकांना तर या दोन परीक्षा वेगळ्या आहेत हेच अनेकदा ठाऊक नसते.

पूर्वी प्रशिक्षण हीच पात्रता होती. आज प्रशिक्षण, पात्रता आणि निवड हे तीन स्वतंत्र टप्पे आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळी यंत्रणा ठरवते आणि एका टप्प्यावरील बदलाची दखल दुसऱ्या टप्प्यावर घेतली जाईलच असे नाही. उमेदवारांच्या नाराजीचे मूळ बहुतांशी येथे आहे.

पूर्वीची पद्धत

मुंबई इलाख्यात मराठी सातवीनंतर होणारी व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण प्राथमिक शाळेत शिक्षक होऊ शकत असे. अशा शिक्षकांना सेवेत असतानाच प्रशिक्षणाला पाठवले जाई आणि प्रशिक्षणाची जितकी वर्षे पूर्ण होत त्याप्रमाणे वेतनात फरक पडे. ग्रामीण भागात ‘फायनल झालेला’ हे विशेषण त्या काळी मोठ्या प्रतिष्ठेचे होते. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षक प्रमाणपत्र, म्हणजे पीटीसी, आणि पुढे अध्यापन पदविका, म्हणजे डी.एड., अशी प्रशिक्षणाची नावे व रूपे बदलत गेली. डी.एड.ला प्रवेश आरंभी शालान्त परीक्षेनंतर मिळे. नंतर तो बारावीनंतर मिळू लागला. नाव मात्र तेवढ्यावर स्थिरावले नाही. डी.एड.चे डी.टी.एड. झाले आणि त्याचे पुढे डी.एल.एड. झाले. जुन्या नावाचे प्रमाणपत्र नव्या अर्जात कोणत्या रकान्यात भरायचे, हा प्रश्न त्यामुळे आजही विचारला जातो.

माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत १९०६ मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. माध्यमिक शिक्षकांची बी.टी. ही पदवी पुढे बी.एड. या नावाने रूढ झाली. खासगी शाळांतील शिक्षकांच्या अर्हता महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीत नमूद आहेत. या नियमावलीच्या ‘ब’ अनुसूचीत अर्हता आणि ‘फ’ अनुसूचीत ज्येष्ठतेचे नियम दिले आहेत. शिक्षक कोणत्या दिवशी ‘प्रशिक्षित’ झाला यावर त्याची ज्येष्ठता व पर्यायाने मुख्याध्यापकपद अवलंबून असल्याने या दोन अनुसूचींवरून झालेले वाद उच्च न्यायालयापर्यंत गेले. पात्रतेचा प्रश्न केवळ नोकरीच्या दारापाशी संपत नाही, तो निवृत्तीपर्यंत शिक्षकाची सोबत करतो, हे या जुन्या वादांतूनही दिसते.

सेवेत आल्यानंतर घातलेली, आणि पुष्कळांच्या स्मरणात राहिलेली, आणखी एक अट संगणक अर्हतेची आहे. एमएस-सीआयटी किंवा तत्सम परीक्षा ३१ डिसेंबर २००७ पर्यंत उत्तीर्ण होण्याचे बंधन शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणे शिक्षकांनाही लागू झाले. ज्यांनी ती मुदतीनंतर दिली त्यांच्या वेतनवाढी रोखण्याचे आणि दिलेली रक्कम वसूल करण्याचे प्रकार घडले. ज्या शाळेत वीज नव्हती तेथील शिक्षकालाही ही अट होती.

राष्ट्रीय परिषद आणि अध्यापक विद्यालयांची वाढ

शिक्षक-प्रशिक्षणाचे देशभर एकच मान असावे या हेतूने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला १९९३ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. तत्पूर्वी, १९७३ पासून, ती केवळ सल्लागार संस्था होती. प्रशिक्षण संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार परिषदेच्या विभागीय समित्यांकडे गेला आणि राज्य शासनाकडे मत कळवण्याचे काम उरले.

२००० नंतर महाराष्ट्रात खासगी डी.एड. व बी.एड. महाविद्यालये मोठ्या संख्येने निघाली. तालुक्याच्या गावी, कधी एखाद्या मंगल कार्यालयाच्या शेजारी, अध्यापक विद्यालयाची पाटी दिसू लागली. डी.एड. झाले की जिल्हा परिषदेत नोकरी, हा समज तेव्हा पक्का होता आणि तो अगदीच निराधारही नव्हता. भरती होत होती. बारावीला चांगले गुण मिळवलेली ग्रामीण मुले-मुली, विशेषतः मुली, अन्य शाखा सोडून डी.एड.कडे वळल्या. कमी खर्चात, घराजवळ, दोन वर्षांत हाती येणारी ती सन्मानाची नोकरी होती. किती शिक्षक लागणार याचा हिशेब मात्र मान्यता देताना कोणी मांडला असे दिसत नाही.

हा प्रश्न न्यायालयात गेला तोही महाराष्ट्रातूनच. राज्य शासनाची प्रतिकूल भूमिका असताना २९१ डी.एड. संस्थांना मान्यता देण्याची शिफारस परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने केली होती. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले व न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये सादर झालेल्या या आयोगाच्या अहवालात देशातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या दर्जावर कठोर टीका आहे. प्रशिक्षणाचा कालावधी व खोली वाढवावी ही आयोगाची शिफारस परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत उतरली आणि २०१५-१६ या शैक्षणिक वर्षापासून एक वर्षाचे बी.एड. दोन वर्षांचे झाले. दर्जाहीन संस्थांना मान्यता दिली ती परिषदेच्या यंत्रणेने. त्याची दुरुस्ती म्हणून एक वर्ष अधिक घालवावे लागले ते विद्यार्थ्यांना. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाचा काळ वाढला, हा त्यातील निश्चित लाभ आहे.

शिक्षण हक्क कायदा आणि टीईटी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २३ नुसार शिक्षकांची किमान अर्हता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला मिळाला व परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढली. पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि दोन वर्षांची पदविका, सहावी ते आठवीसाठी पदवी आणि पदविका किंवा बी.एड., आणि दोन्ही स्तरांवर टीईटी उत्तीर्ण, असे या अर्हतेचे ढोबळ स्वरूप आहे.

महाराष्ट्रात प्राथमिक शाळेची विभागणी पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवी अशी रुळलेली होती. नव्या कायद्याने ती पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी केली. यामुळे बारावी-डी.एड. अर्हतेवर सातवीचा वर्ग वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाच्या जागी आता पदवीधर शिक्षक हवा झाला. अनेक शिक्षकांनी मुक्त विद्यापीठातून, सुट्ट्यांत अभ्यास करून, पदव्या घेतल्या. कायद्याच्या या एका परिणामाविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. परंतु खेड्यापाड्यांतील शिक्षकांना पुन्हा विद्यार्थी करणारा हा बदल होता, आणि त्यांतील पुष्कळांनी तो कुरकुर न करता स्वीकारला.

टीईटीचे दोन पेपर असतात. पहिला पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येक पेपरात १५० बहुपर्यायी प्रश्न, १५० गुण आणि अडीच तासांचा वेळ असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या प्रत्येक विषयाला ३० गुण आहेत. दुसऱ्या पेपरात बालमानसशास्त्र आणि दोन भाषांना मिळून ९० गुण व उरलेल्या ६० गुणांसाठी गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एक गट निवडावा लागतो. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना राज्याच्या नियमांनुसार सवलत आहे. सहावी ते आठवीला केवळ मराठी शिकवणाऱ्या भाषाशिक्षकालाही या दोन गटांपैकी एक घ्यावाच लागतो. त्याच्या मुख्य विषयाला ३० गुण आणि जो विषय तो शिकवत नाही त्याला ६० गुण, ही रचना भाषाशिक्षकांना अन्यायाची वाटते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

केंद्रीय स्तरावरील सीटीईटी २०११ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात शासनाने १३ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयाने टीईटी बंधनकारक केली व महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने १५ डिसेंबर २०१३ रोजी पहिली परीक्षा घेतली. म्हणजे अधिसूचना आणि राज्याची पहिली परीक्षा यांत तीन वर्षांहून अधिक काळ गेला. या मधल्या काळात, आणि त्यानंतरही काही वर्षे, खासगी संस्थांत टीईटीविना नियुक्त्या होत राहिल्या व शिक्षणाधिकारी कार्यालयांनी त्यांपैकी अनेकांना मान्यताही दिली. हेच शिक्षक पुढे ‘अपात्र’ ठरवले गेले. केंद्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून किमान अर्हता मिळवण्याची मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवली होती. ती उलटल्यावर राज्यातील टीईटी नसलेल्या शिक्षकांच्या सेवा संपुष्टात आणण्याची कारवाई सुरू झाली व त्यावर मुंबई उच्च न्यायालयात अनेक याचिका दाखल झाल्या.

महाराष्ट्रातील टीईटीचा निकाल बहुतेक वर्षी एक-आकडी टक्केवारीतच लागत आला आहे. याचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. प्रशिक्षण संस्थांचा दर्जा ढासळल्याचा हा पुरावा आहे, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार परीक्षेची रचनाच स्मरणशक्तीवर भर देणारी असून तिच्यातून वर्ग हाताळण्याची क्षमता कळत नाही. पहिले मत मांडणाऱ्यांना सहज उडवून लावता येत नाही. पाचवीच्या अपूर्णांकांत अडखळणारा उमेदवार शिक्षक होऊ नये, ही पालकांची अपेक्षा रास्तच आहे. पण प्रशिक्षण संस्थेने पदविका द्यायची, आणि तीच पदविकाधारक मंडळी लगेच दुसऱ्या परीक्षेत शेकडा नव्वदहून अधिक नापास व्हायची, तर यांतील एका प्रमाणपत्राचा अर्थ तपासून पाहायला हवा. तसा तपास न होता उमेदवारालाच आणखी एक परीक्षा देण्यास सांगितले गेले.

परीक्षेच्या विश्वासार्हतेलाही धक्के बसले. २०१६ च्या जानेवारीतील परीक्षेत प्रश्नपत्रिका फुटल्याने पहिल्या पेपरची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात २०१९-२० च्या परीक्षेतील गुणांत फेरफार झाल्याचे उघड झाले आणि २०२२ मध्ये परीक्षा परिषदेने ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. प्रामाणिकपणे अभ्यास करून उत्तीर्ण झालेल्यांच्या प्रमाणपत्राकडेही त्यानंतर काही काळ संशयाने पाहिले गेले.

भरतीबंदी आणि अभियोग्यता चाचणी

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. तीत शाळांच्या पटावर दाखवलेले अनेक विद्यार्थी प्रत्यक्षात नसल्याचे आढळले. विद्यार्थी कमी म्हणजे शिक्षक जास्त, या हिशेबाने अतिरिक्त शिक्षकांचा प्रश्न उभा राहिला व २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने, काही विषयांचा अपवाद सोडता, शिक्षकभरती थांबवण्यात आली. डी.एड. विद्यालयांतून मात्र दरवर्षी नवे पदविकाधारक बाहेर पडतच होते. पाच-सहा वर्षांत चित्र पालटले, प्रवेश रोडावले व अनेक विद्यालये बंद पडली.

२०१७ मध्ये शासनाने भरतीसाठी ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली आणि २०० गुणांची अभियोग्यता चाचणी आणली. खासगी अनुदानित संस्थांत नोकरीसाठी ‘देणगी’ द्यावी लागते ही उघड गुपिताची गोष्ट होती व तिला आळा घालणे हा या प्रणालीचा एक हेतू होता. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये झाली. पहिल्या दोहोंत पाच वर्षांचे अंतर पडले.

या सगळ्याचा एका उमेदवारावर काय परिणाम होतो ते कल्पित उदाहरणाने पाहता येईल. २०१० मध्ये एकविसाव्या वर्षी डी.एड. झालेली एखादी मुलगी घ्या. दोन वर्षांत भरती बंद झाली. २०१३ च्या पहिल्याच टीईटीत ती उत्तीर्ण झाली. तेव्हाच्या नियमाने त्या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षे होती. २०१७ ची अभियोग्यता चाचणी तिने दिली, पण तिचा क्रमांक लागला नाही. पुढची चाचणी होण्यापूर्वीच, २०२१ च्या आरंभी, तिचे टीईटी प्रमाणपत्र कालबाह्य झाले. जून २०२१ मध्ये केंद्राने टीईटीची मुदत तहहयात केली आणि तीही २०११ पासून, पूर्वलक्षी प्रभावाने. म्हणजे बाद झालेला कागद काही महिन्यांत पुन्हा ग्राह्य झाला. २०२३ च्या चाचणीला ती चौतीस वर्षांची होती. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आहे. तिची निवड झाली असे मानले तरी तीन वर्षे तिला शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. शिक्षण सेवकाचे प्राथमिक स्तरावरील मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये होते. २०२३ पासून ते १६,००० झाले. एकविसाव्या वर्षी पात्र ठरलेली व्यक्ती नियमित वेतनश्रेणीत येते ती सदतिसाव्या वर्षाच्या पुढे. या उदाहरणात तिच्याकडून एकही चूक झालेली नाही.

बी.एड. आणि प्राथमिक वर्ग

बी.एड. ही पदवी माध्यमिक स्तरासाठी, डी.एड. ही पदविका प्राथमिक स्तरासाठी, ही विभागणी जुनी आहे आणि तिला शैक्षणिक आधार आहे. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणे आणि पंधरा वर्षांच्या मुलाला व्याकरण शिकवणे ही भिन्न कामे असून पहिले सोपे आहे असे ज्याला वाटते त्याने पहिलीचा वर्ग एक आठवडा घेऊन पाहावा.

२८ जून २०१८ रोजी परिषदेने अधिसूचना काढून बी.एड.धारकांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले. नियुक्तीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा अशी अट होती. २०२१ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी देवेश शर्मा विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. दर्जेदार प्राथमिक शिक्षण हा बालकाचा हक्क आहे व बी.एड.धारकाला त्या स्तराचे विशिष्ट प्रशिक्षण मिळालेले नसते, असा निकालाचा आशय होता. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने हा निकाल पुढील नियुक्त्यांनाच लागू राहील असे स्पष्ट करून आधी नेमलेल्या शिक्षकांना काही अटींवर संरक्षण दिले. दरम्यानच्या पाच वर्षांत ज्यांनी २०१८ च्या अधिसूचनेवर विसंबून टीईटीचा पहिला पेपर दिला आणि ज्यांना नियुक्ती मिळाली नव्हती, त्यांचा तो अभ्यास व्यर्थ गेला. डी.एड.धारकांच्या दृष्टीने मात्र त्यांच्या पदविकेचा अर्थ या निकालाने परत मिळाला. एकाच निकालाने एका घरात पेढे वाटले जावेत आणि शेजारच्या घरात चूल थंड राहावी, असे हे प्रकरण होते.

सेवेतील शिक्षक आणि २०२५ चा निकाल

२०१० च्या अधिसूचनेत तिच्या तारखेपूर्वी नियमानुसार नेमलेल्या शिक्षकांना नव्या किमान अर्हतेतून वगळले होते. त्यामुळे टीईटी ही नव्या उमेदवारांची बाब आहे, असे जुने शिक्षक, मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी पंधरा वर्षे धरून चालले. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने निकाल दिला व हे गृहीतक मोडले.

निकालानुसार, ज्यांच्या सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे अशा सेवेतील शिक्षकांनी, त्यांची नियुक्ती शिक्षण हक्क कायद्यापूर्वीची असली तरी, दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे; न झाल्यास त्यांना सेवा सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त करून देय लाभ दिले जातील. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना टीईटीविना निवृत्तीपर्यंत काम करता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. ही सवलत न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकारात दिली. अल्पसंख्याक संस्थांना हा नियम लागू होतो का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आला.

तारखेची रेघ प्रत्यक्षात कशी पडते ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक ५८ व्या वर्षी, जन्ममहिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. ऑगस्ट १९७२ मधला जन्म असेल तर निवृत्ती ३१ ऑगस्ट २०३० ला आणि सप्टेंबर १९७२ मधला असेल तर ३० सप्टेंबर २०३० ला. एकाच वर्षी डी.एड. झालेले, एकाच दिवशी एकाच पंचायत समितीत रुजू झालेले दोन शिक्षक असतील तर यांतल्या पहिल्याला परीक्षा नाही, आणि दुसऱ्याने ती दोन वर्षांत उत्तीर्ण न केल्यास त्याची नोकरी जाते. रेघ कोठे तरी ओढावीच लागते हे खरे. पण शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेल्या जन्मतारखा आयुष्यभर वागवणाऱ्या पिढीला ही रेघ विशेष टोचते.

या निकालावर शिक्षक संघटनांचा मुख्य आक्षेप असा की, नियुक्तीच्या वेळी शासनाने मागितलेली प्रत्येक अर्हता या शिक्षकांनी पूर्ण केली होती. जाहिरात शासनाची, निवड शासनाची, प्रशिक्षण शासनमान्य विद्यालयाचे; त्यानंतर पंचवीस वर्षांनी अपात्र ठरण्यात शिक्षकाचा दोष कोणता? निकालाच्या बाजूचे उत्तर असे की, कायदा शिक्षकाच्या सेवेसाठी नसून बालकाच्या हक्कासाठी आहे आणि २०२५ मध्ये पहिलीत बसलेल्या मुलाला १९९८ च्या अटींवर समाधान मानायला सांगता येत नाही. दोन्ही म्हणण्यांत सत्य आहे. परंतु या वादात तिसरी गोष्ट सहसा बोलली जात नाही. अधिसूचनेने सूट दिल्यामुळेच या शिक्षकांनी २०१३ पासूनच्या परीक्षा दिल्या नाहीत. तेव्हा ते पस्तीस-चाळीस वर्षांचे होते व परीक्षेची सवय पूर्ण सुटलेली नव्हती. आता पन्नाशीत, दिवसभर वर्ग, ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि मतदार यादीची कामे आटोपून, स्वतःच्या माजी विद्यार्थ्यांच्या बाकाशेजारी बसून त्यांना ती द्यायची आहे.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या टीईटीला सेवेतील शिक्षकही मोठ्या संख्येने बसले. दोन वर्षांच्या मुदतीत राज्यात किती परीक्षा घेतल्या जातात यावर उरलेल्यांच्या संधी अवलंबून आहेत. २०२१ ची परीक्षा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाल्यानंतर पुढची नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली होती. त्या गतीने पाहिले तर दोन वर्षांची मुदत ही एका परीक्षेचीही ठरू शकते. सेवा जाण्याची अट घालताना वर्षाला ठरावीक परीक्षा घेण्याचे तितकेच कडक बंधन परीक्षा घेणाऱ्यावर असावे, ही मागणी त्यामुळे पुढे आली आहे.

पुढील बदल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत शिक्षकासाठी किमान अर्हता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असेल व टीईटी शालेय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर लागू होईल. सध्या महाराष्ट्रात नववीपासून पुढच्या वर्गांना ती लागू नाही. बारावीनंतरचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत सुरू झाला आहे. धोरणातील रचना शाळेचे टप्पेही पुन्हा बदलते. पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी हा पायाभूत टप्पा, तिसरी ते पाचवी हा पूर्वतयारीचा, सहावी ते आठवी हा मध्य टप्पा आणि नववी ते बारावी हा माध्यमिक टप्पा. २०१० मध्ये पहिली ते पाचवीसाठी आखलेली अर्हता आता दोन टप्प्यांत विभागली जाणार आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये परिषदेने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. पुन्हा सुरू करण्याची तरतूद त्यात आहे. २०१५ मध्ये जे एक वर्ष अपुरे म्हणून बंद झाले तेच, प्रवेशाची अट बदलून, दहा वर्षांनी परत येत आहे. आज बारावीत असलेल्या आणि शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे डी.एल.एड., पदवीनंतरचे बी.एड. आणि चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम असे तीन मार्ग आहेत. डी.एल.एड. ही पदविका २०३० नंतर नव्या नियुक्तीसाठी पुरेशी ठरेल का, हे प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेच्या त्या वेळच्या अधिसूचनेत पाहून घेणे आवश्यक आहे.